पुरणपोळीतलं हमस

आयुष्यात मी ज्या थापा मारल्या त्या एकावर एक रचल्या तर दुबईत आणखी एक बुरूज उभा राहील, आणि त्याची लिफ्टही बंद असेल. बहुतेक थापा बिचाऱ्या दुसऱ्या दिवशीच मेल्या. एक मात्र जगली. तिच्यापायी दर शनिवारी सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या दाराबाहेर मुलांच्या बुटांचा ढीग पडतो आणि तो मी वाकून ओळीत लावतो. पन्नाशी उलटल्यावर वाकणं हीसुद्धा एक नोकरीच असते. तरी लावतो.

हे बूट पूर्वी करामाजवळच्या क्लबच्या हॉलबाहेर पडायचे. तिथे माझी बायको आठ वर्षं दर शनिवारी दहा ते बारा मराठीचा वर्ग घेत होती, फुकट. तिचं ध्येय मोठं नव्हतं. आईबाप मराठीत विचारणार आणि पोरं इंग्रजीत उत्तर देणार, हे तिला मान्यच होतं. तिचं म्हणणं एवढंच की गावाकडून फोन आला तर पोराने तो घाबरून आईच्या हातात कोंबू नये.

क्लब सगळ्या भारतीयांचा. हॉल कोणाला कधी द्यायचा हे ठरवतो सांस्कृतिक चिटणीस. जुने चिटणीस निवृत्त होऊन कायमचे भारतात निघाले, आणि त्या जागेसाठी एका कापडाच्या व्यापाऱ्याने अर्ज भरला. माणूस एवढा गोड की त्याच्याशी हात मिळवला की साबण लावावा लागे. त्याने आधीच सांगून टाकलं होतं की शनिवार सकाळचा हॉल तो फिल्मी नाचाच्या क्लासला देणार. म्हणजे आपला चिटणीस आला नाही तर बायकोचा वर्ग खलास. तिने मला एकच काम सांगितलं, "कोणीही उभं राहू दे, पण आपला एकच. दोघं नकोत."

अर्थात दोघं निघाले. एक केटरर, मूळचे कोल्हापूरकडचे. दुबईतल्या अर्ध्या मराठी बारशांचं जेवण त्यांच्या किचनमधून जातं. दुसरे वसईवाले, एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, दर रविवारी चर्चला आणि दर गणपतीत आमच्या मांडवात. तीनशे खुर्च्या अर्ध्या तासात मांडायची विद्या त्या माणसाकडे होती. मी यांच्या बाजूचा.

मग ठरलं, आधी घरातली निवडणूक घ्यायची. जो जिंकेल तो क्लबच्या खऱ्या निवडणुकीत उभा राहील, हरलेला त्याला साथ देईल. मतदानाची जागा करामातलं एक उपाहारगृह, तिथली मिसळ बावीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपये, असं प्रत्येक जण खाण्याआधी एकदा आणि खाल्ल्यावर दोनदा म्हणाला. मतपेटी म्हणून चकलीचा डबा. पण ते शेवटी. त्याआधी महिनाभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जे झालं त्यासमोर पानिपतही किरकोळ.

सुरुवात मी केली. लपवत नाही. एका संध्याकाळी मला सुचलं आणि मी लिहून टाकलं: गेल्या होळीला केटररसाहेबांची हरभऱ्याची डाळ जबल अलीच्या बंदरात कंटेनरमध्ये अडकली, चारशे पोळ्यांची ऑर्डर तोंडावर. तेव्हा त्यांनी ओळखीच्या लेबनानी हॉटेलातून उरलेल्या हमसच्या, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्याच्या, तीन बादल्या उचलल्या, गूळ घातला, आणि लाटल्या. हरभरा तो हरभराच. लोकांनी बोटं चाटली. एका आजींनी तर पुरण फार मऊसूत झालंय म्हणून कृती विचारली.

थाप होती. त्या माणसाने जन्मात कधी डाळीत हरभऱ्याचं टरफलसुद्धा जाऊ दिलं नसेल. पण गोष्टीला पाय फुटले, पायांना चाकं लागली. मी जबल अलीच्या एका गोदामात हिशेबनीस आहे. आठव्या दिवशी आमच्या केरळी सुपरवायझरने मला तीच गोष्ट ऐकवली, शारजात त्याच्या मावसभावाबरोबर घडलेली, आणि बादल्या पाच.

केटररच्या बाजूचे मग चिडले. त्यांच्यातल्या एकाने ग्रुपवर विचारलं, नाताळात कॅरल म्हणणाऱ्याला आपल्या गणपतीचं काय कळणार? तीनशे खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला. कोणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. केटररही बोलले नाहीत, मीही नाही. मी त्या वेळी बादल्यांची संख्या वाढवण्यात गुंतलो होतो. रात्रीतून वसईवाले ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांच्यामागे वसईची सगळी घरं. स्क्रीनवर ओळीने येत राहिलं: बाहेर पडले, बाहेर पडले, बाहेर पडले.

चकलीच्या डब्यातून तेलकट चिठ्ठ्या निघाल्या आणि केटरर जिंकले. त्या दिवशीच त्यांनी ग्रुपवर मोठा संदेश टाकला. झालं गेलं विसरून जाऊ, कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, आता सगळे एक. खाली जोडलेल्या हातांच्या सात जोड्या. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला स्वतःला तर गहिवरून आलं. चला, मिटलं. मी बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली की कोणीतरी वसईवाल्यांच्या घरी जाऊन यायला हवं. मी म्हटलं, इन्शाल्ला, या वीकेंडला. तो वीकेंड अजून यायचा आहे.

खऱ्या निवडणुकीआधी क्लबमध्ये उमेदवारांची सभा झाली. केटररनी कोट असा इस्त्री केला होता की त्यात बघून दाढी करावी. त्यांनी वचन दिलं, चिटणीस झालो तर प्रत्येक सणाला क्लबमध्ये उत्तम जेवण. टाळ्या. मग कापडवाला उठला. त्याने भाषणच केलं नाही. हात जोडून अगदी अदबीने विचारलं, "भाईसाहब, बस इतना बताइए, पोली दाल की होगी या हमस की?"

हॉल फुटला. मल्याळी हसले, गुजराती हसले, पाठीमागे चहाचे कप गोळा करणारा पठाण हसला. केटररनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते थकलेले दिसले, चारशे पोळ्या लाटून उठल्यासारखे.

मतदानाच्या दिवशी मी क्लबच्या दारात यादी घेऊन उभा होतो. ऊन असं की सावलीसुद्धा गाडीखाली जाऊन बसली होती. वसईचं एकही घर येईना. चारच्या सुमाराला वसईवाले एकटे आले, आत जाऊन मत देऊन बाहेर आले. मी विचारलं, बाकीची मंडळी?

"मी दिलं हो त्यांना मत," ते म्हणाले. "वर्ग चालायला हवा. पण बाकीच्यांना चला म्हणायला मला तोंड कुठे आहे? कोणी आलं का आमच्याकडे?"

"अहो, ग्रुपवर माफी टाकली होती ना."

"कुठल्या ग्रुपवर?"

मी यादीची घडी घातली. ज्यांची माफी मागायची ते सोडून सगळ्यांची आम्ही माफी मागितली होती, आणि सगळ्यांनी उदार मनाने ती दिलीही होती.

अकरा मतांनी गेलं. वसईची मतं सव्वीस.

पुढच्या शनिवारी मी आणि बायको हॉलवर सामान आणायला गेलो. तिने भिंतीवरची बाराखडी काढली, चिकटपट्टीचे तुकडे नखाने खरवडून काढले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती हमसची गोष्ट तुमचीच ना?"

"हो."

"चांगली रचली होती." मग फळ्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. "उचला."

आता वर्ग आमच्या घरात. सोफा उभा करून ठेवतो. छत्तीस मुलं होती, नऊ येतात. करामाहून मेट्रो बदलत एवढ्या लांब कोण येणार. वसईवाले मात्र मुलीला आणतात आणि खाली गाडीत बसून राहतात. केटररची नात येते, तिच्याबरोबर सगळ्यांसाठी पोहे येतात. पोह्यांवर खोबरं भरपूर असतं.

परवा बायकोने मुलांना सांगितलं, ऐकलेली एखादी गोष्ट मराठीत सांगा. वसईवाल्यांची मुलगी उभी राहिली आणि तिने हमसची गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही इंग्रजी शब्द न घेता, आजींच्या मऊसूत पुरणासकट. आठ वर्षांत त्या वर्गात एवढं सलग मराठी कोणी बोललं नव्हतं. केटररची नात वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढत होती, मान खाली.

मी दारातच होतो, बूट लावत. उभा राहिलो आणि म्हणालो, "ती थाप आहे, बाळांनो. मी मारलेली. असं काही झालेलं नाही."

नऊही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मग ती मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "नो अंकल, इट्स ट्रू. एव्हरीबडी नोज."

मी बायकोकडे पाहिलं. ती फळा पुसत होती. केटररच्या नातीने मान वर केली नाही. मी पुन्हा खाली बसलो. तिचे बूट कुठले ते मला माहीत आहे, निळ्या लेसचे. ते तेवढे दाराच्या अगदी जवळ ठेवले.