कुटुंबजीवनाचा तास

सिंधू गेल्याचं शोभानं फोनवर सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, बंद केला, परत बैठकीत आले. दीड महिना होत आला, ते येणं-जाणं अजून थांबलेलं नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जायचं ते सुचत नाही...

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मुलींच्या महाविद्यालयात सिंधू आणि मी गृहविज्ञान शिकवायचो. माझ्याकडे आहारशास्त्र, तिच्याकडे कुटुंबजीवन. ती खापा गावातल्या शेतकरी घरातली. वर्गात पुस्तकी मराठी बोलायची, पण बाहेर आली की, "काहून वं, बसून काय राहिली? चल," म्हणत मला ओढून न्यायची. लग्न होऊन सक्करदऱ्याला गेली आणि वर्षाच्या आत परतली. नवरा मारायचा. मग धरमपेठेत खोली घेऊन एकटी राहू लागली.

अशी गोष्ट लपत नाही. शोभा तेव्हा आमची विद्यार्थिनी. एक दिवस तिचे वडील प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसले. आम्हा दोघींना बोलावणं आलं.

"ज्या बाईनं सोताचा संसार सोडला, ते आमच्या पोरीले संसार काय शिकवनार?"

प्राचार्या पेपरवेट फिरवत राहिल्या. सिंधूचा चेहरा लाल झाला, आवाज मात्र चढला नाही.

"भाऊ, मले तो मारत होता. उद्या तुमच्या पोरीले कोणी मारलं, तर तिनं कुठं जावं?"

"आमच्यात असं होत नाही," म्हणत ते उठले.

शोभाचं नाव त्यांनी काढून घेतलं. प्राचार्यांनी सिंधूकडून कुटुंबजीवनाचा तास काढला, शिवणकाम दिलं. त्या दिवसांत ती जिन्यावरून उगाच वरखाली करायची. "नोकरी सोडू का?" एकदा तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत निघूनही गेली.

पुढे शोभाचं लग्न झालं. एका दुपारी मी सिंधूकडे बसले होते, तर दारात शोभा... ओठ सुजलेला, हातात कापडी पिशवी. सिंधूनं तिला आत घेतलं. आधी पाणी दिलं, मग वरणभात वाढला. संध्याकाळी वडील आले आणि उंबऱ्याबाहेरच थबकले. मला वाटलं, आता ही त्यांना चांगलं ऐकवणार. पण ती म्हणाली, "आत या भाऊ. चहा मांडते."

ते आत आले. लेकीकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघत म्हणाले, "मले वाटलंच, इथंच असन."

शोभाला त्यांनी पुन्हा सासरी धाडलं नाही. सिंधूनं खटपट करून तिला परत प्रवेश मिळवून दिला. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. सिंधूला मात्र तिचा तास कधीच परत मिळाला नाही. मला त्याचा अजून राग येतो. तिला येत होता का, ते विचारायचं राहिलं...

मागच्या आठवड्यात शोभा आणि मी सिंधूची खोली आवरायला गेलो. एवढ्याशा जागेत दोन खाटा. एकीवर तिची चुरगळलेली चादर. दुसरीवर धुतलेली चादर, उशी, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. खाप्याहून कोणी येत असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"माझ्यानंतरही मुली येऊन गेल्या, मॅडम," शोभा म्हणाली.

मी चादर काढायला हात घातला. तिनं माझा हात धरला. "राहू द्या. खोली मी ठेवतेय, भाडं मी भरेन."

आम्ही नुसतं झाडून घेतलं. कुलूप लावून शोभानं किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि म्हणाली, "कोणी आली, तर उघडून द्या."