पाय जुळव, डोळे मिट

"जवळ जा. त्याचं तोंड हुंग."

कारखान्याचे डॉक्टर मला म्हणाले. समोर उभा होता तो माझा बाप.

दवाखान्याची खोली गेटला लागूनच होती. एक शिफ्ट सुटत होती, दुसरी भरत होती. दारात माणसं दाटलेली. आबांच्या खाकी कपड्यांवर कारखान्यात बनणाऱ्या रबरी डिंकाचे वाळलेले ओघळ. डिंकाची बादली घेऊन लोखंडी जिना उतरताना ते पडले होते. सुपरवायझरने शर्टाच्या बाहीला धरून त्यांना इथवर आणलं आणि सांगितलं, पिऊन आलाय. पिऊन आलेला सापडला की काम गेलं, असा कारखान्याचा नियम.

डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. टेबलावर स्टेथोस्कोप पडला होता, तोही उचलला नाही. शिपायाला म्हणाले, "लॅबमधल्या त्या पोरीला बोलवा. यांच्यातलीच आहे ती." मी पांढरा कोट तसाच अंगावर ठेवून धावत आले. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं.

"मुलगी ना तू याची? शिकलेली आहेस. खोटं बोलणार नाहीस. हुंग आणि सांग."

मी जवळ गेले. आबांनी तोंड उघडलं. शाळेतलं पोर मास्तरांपुढे जीभ काढतं, तसं. माझ्याकडे बघितलं नाही.

वास होता. गोडसर, डोक्यात चढणारा. माझ्या ओळखीचा. मी तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते, तेव्हा आबा तुर्भ्याहून मला भेटायला यायचे. त्यांच्या कपड्यांना, पिशवीला, त्यांनी आणलेल्या खाऊलाही हा वास असायचा. मला वाटायचं नवी मुंबईचा वास असाच असतो. मैत्रिणींना मी ती पिशवी कौतुकाने हुंगायला द्यायचे.

"येतो ना वास?"

"येतो सर. पण दारूचा नाही. थिनरचा आहे. आपल्याच पिंपातला."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. आबांच्या खात्यातले नामाकाका जवळच्याच आगरी गावचे. त्यांच्या मिठागरावरून तेव्हा नव्या शहराचा रस्ता निघाला होता. ते पुढे होऊन म्हणाले, "साहेब, यो मानूस दारूला हात लावत नाय. कोनालाबी इचारा."

"तू गप रे. तुला कोणी विचारलं?" डॉक्टर आबांकडे वळले. "ए, सरळ उभा राहा. पाय जुळव. हां. आता डोळे मिट."

आबा उभे राहिले. पाय जुळवले. डोळे उघडे होते तोवर ते नीट उभे होते. मी बघत होते. डोळे मिटले आणि ते डुलायला लागले. एकदा पुढे, एकदा मागे. मग सरळ बाजूच्या कपाटावर गेले. काच खणखणली.

दारातली माणसं हसली.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "आणखी काय पुरावा हवा?"

मला हे ठाऊक होतं. ही तपासणी मी स्वतः शिकले होते.

कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्राला एक सर होते. त्यांचं ऋण मी कधी विसरणार नाही. बोकडाचा मेंदू ते स्वतः खाटकाकडून आणायचे आणि प्रत्येक मुलाच्या तळहातावर ठेवायचे. माझ्याही ठेवला. ओलसर, करडा, वळ्यावळ्यांचा. "हा मोठा मेंदू," सर म्हणाले, "विचार इथे, आठवण इथे, भाषा इथे. खाली मागच्या बाजूला हा लहान मेंदू, तो तोल सांभाळतो. आणि हा देठ. श्वास आणि छातीचे ठोके याच्या ताब्यात. याला तुझी जात ठाऊक नाही, तुझं गाव ठाऊक नाही. तू झोपलीस तरी हा काम सोडत नाही." सगळ्या वर्गासमोर ते मला असं म्हणाले. माझ्यासारख्या मुलीशी कुणी असं बोलावं, हे मला नवं होतं.

त्या दिवशी त्यांनी मला बाकावर उभं केलं होतं. पाय जुळवून, डोळे मिटून. मी पडले नाही. सर वर्गाला म्हणाले, "ही का पडत नाही? डोळे तर बंद आहेत. हिच्या तळपायातून, घोट्यातून, गुडघ्यातून निरोप निघतात. मज्जातंतूंतून मज्जारज्जूत जातात, तिथून वर मेंदूत. तू इकडे कललीस, तू तिकडे कललीस. पायांचे निरोप पोचले नाहीत, तर माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले की पडतो. दारू प्यायलेल्याचा लहान मेंदूच गुंगीत असतो, तो डोळे उघडे ठेवूनही झुलतो."

आबा डोळे उघडे ठेवून झुलले नव्हते.

मी म्हणाले, "सर, डोळे उघडे असताना ते पडले नाहीत. त्यांच्या पायांच्या नसा..."

"बी.एस्सी. ना तू? सवलतीतून आलेली?"

"हो सर."

"मग मला शिकवू नकोस. कंपनीने तुला पंख्याखाली बसवलंय, त्याचे उपकार मान."

"हो सर," मी म्हणाले.

जीभ माझी होती. ती हलवणाऱ्या नसा माझ्या, नसांना हुकूम देणारा मेंदू माझाच. तरी ते 'हो सर' कुठून निघालं, हे मला आजवर कळलेलं नाही. कुठल्याही पुस्तकात ती जागा दाखवलेली नाही.

आबांना कामावरून काढून घरी बसवलं.

घरी आल्यावर मी त्यांना खोदून विचारलं. तोवर ते कुणाला काही बोलले नव्हते. त्यांचं काम टाकी पुसायचं. डिंक ढवळायची मोठी टाकी रिकामी झाली की आत माणूस उतरवायचे. हातात चिंधी, थिनरची बादली. आतून कडेला चिकटलेला डिंक पुसून काढायचा. खात्यात सगळ्या जातींची माणसं होती, पण आत उतरायची वेळ आली की हाक आमच्या वस्तीतल्यांनाच. बाहेर आल्यावर डिंक साबणाने जात नाही, म्हणून हात-पायही थिनरनेच धुवायचे. वर कंपनी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गूळ खाल्ला की वाफ बाधत नाही, असं सगळे मानायचे. आबाही मानायचे. टाकीत उतरताना खडा दाढेखाली धरायचे आणि विरघळेपर्यंत चघळायचे.

"पायात मोजे घातल्यावानी वाटायलंय," आबा म्हणाले. मग स्वतःच हसले. "जन्मात कधी मोजे घातले न्हाईत, आन् म्हनतो मोजे घातल्यावानी."

मायला एकदम आठवलं. "मागं एकाच पायात चप्पल घालून आला होता तुम्ही. मी हसले होते बघा. दुसरी कुठं पडली त्याचा पत्ताच नव्हता तुम्हाला."

मी काडेपेटीतली काडी घेऊन त्यांच्या तळव्यावरून ओढली. आबा खिडकीकडे बघत राहिले. काडी घोट्याच्या वर गेली तेव्हा म्हणाले, "हां, आता कळलं."

सर फळ्यावर काढायचे ती आकृती माझ्या समोर पाय पसरून बसली होती. कमरेपाशी एक पेशी. तिचा एकच धागा, मांडीतून, पोटरीतून, थेट अंगठ्यापर्यंत. शरीरातले सगळ्यात लांब धागे ते. विष भिनलं की त्यांची टोकं आधी मरतात. म्हणून पाय आधी, मग हात. म्हणून मोजे. मला सगळं ठाऊक होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. ज्ञान मिळालं की माणूस मोकळा होतो, असं मला वसतिगृहात वाटायचं. त्या दिवशी मला माझं ज्ञान बापाच्या पायाशी नुसतं बसलेलं दिसलं.

वस्तीत बोलणं सुरू झालं. अंगावरून वारं गेलंय. शेजारची मावशी म्हणाली, रानकबुतराचं रक्त चोळा, आमच्या दिराला गुण आला. आबा म्हणाले, "कबुतरानं काय घोडं मारलंय माझं?"

मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर तरणा होता, डोळे जागरणाने लाल. त्याने आबांना खाटेवर बसवलं, स्वतः खाली वाकला आणि त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. आबा दचकले. पाय मागे घ्यायला लागले. "राहू द्या साहेब, घाण हाय."

"राहू द्या हो काका."

त्याने टाचेच्या वरच्या शिरेवर छोटा हातोडा मारला. पाऊल हललं नाही. पुन्हा मारला. नाही. कापूस फिरवला, टाचणी टोचली. मग विचारलं, "काम काय करता?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेतलं. "मेंदू ठीक आहे, मज्जारज्जू ठीक दिसतो. टोकाच्या नसा गेल्यात. औषध म्हणाल तर टाकीपासून लांब राहणं, एवढंच. नसा परत वाढतात, पण फार हळू. सगळ्या येतील असं सांगू शकत नाही. आणि एक लक्षात ठेवा. काम सुटल्यावरही काही महिने हे वाढेल. घाबरू नका."

तसंच झालं. पाय आणखी बधिर झाले. बोटांतून शर्टाची बटणं निसटायला लागली. सुपरवायझर गेटवर सांगत फिरला, "बघा, कारखाना सुटल्यावर वाढलं. म्हणजे कारखान्याचा काय संबंध?" ऐकणाऱ्यांना ते पटलं.

मग कारखान्याकडून निरोप आला. कामावर परत घेऊ. आबांनी शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, प्यायलो होतो, चूक झाली.

मी म्हणाले, जायचं नाही.

"तुझी नोकरी हाय ना तिथं," आबा म्हणाले. "माझ्यापायी तुझी जाईल. अन् म्हनायला काय जातंय? तोंडानंच तर म्हनायचंय."

पंचशील घेतल्यापासून त्या माणसाने थेंब चाखला नव्हता. लग्नाच्या वरातीत प्यायलेली माणसं पुढे आली की तो निघून जायचा. आता माझ्या नोकरीसाठी तो दारुडा व्हायला तयार होता. मी हरले. त्यांना धरून घेऊन गेले.

गेटवर तीच गर्दी. डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे, शेजारी सुपरवायझर. आबांच्या चपला मायने सुतळीने पायांना बांधल्या होत्या. त्यांनी हात जोडले. सुरुवात केली.

"मी... त्या दिशी..."

पुढचा शब्द निघेना. ओठ हलत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "बोल की, आजपण टाकून आलास काय?" हशा. आबाही हसले. त्यांच्या हसण्यात सामील झाले. ते हसणं माझ्याने बघवलं नाही.

मी पुढे झाले.

"ते प्यायले नव्हते. ते काही म्हणणार नाहीत."

"तू लॅबमध्ये जा," सुपरवायझर म्हणाला.

मी डॉक्टरांकडे वळले. "सर, त्यांच्या पायाला हात लावा."

"काय?"

"एकदा हात लावून बघा. टाचणी टोचा. तपासा आणि मग म्हणा, प्यायलाय. मी इथेच उभी आहे."

हसणं थांबलं. आबा घाईघाईने खाली बसले, सुतळी सोडायला लागले. बोटांना गाठ सुटेना. मी वाकून सोडली. पाय पुढे केला. बापाचा पाय, टाचांना भेगा, भेगांत काळा डिंक.

डॉक्टर पायरीवर उभे होते. त्या पायाकडे बघत होते. सगळा कारखाना त्यांच्या हातांकडे बघत होता. ते हात खिशातच होते.

"हा काय तमाशा चाललाय," ते म्हणाले आणि आत गेले. दार लावलं.

आम्हा दोघांचंही काम गेलं. कुणी आमच्या बाजूने संप केला नाही. नामाकाका बसथांब्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आले. पुढच्याच आठवड्यात टाकीत आमच्या गल्लीतला दुसरा माणूस उतरला. मी त्याच्या दारात जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पटतंय. पण मग खाऊ काय?"

आबांचे पाय पुरते आले नाहीत. आंघोळीच्या वेळी ते डोळ्यांत साबण जाऊ देत नाहीत. डोळे मिटले की पडतात.

मी आता वस्तीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. मज्जासंस्थेचा धडा आला की पोरांना उभं करते. पाय जुळवा, डोळे मिटा. ती खिदळतात, एकमेकांना धक्के देतात. मग मी त्यांना टाकी सांगते, थिनर सांगते, गूळ सांगते. घरी जाऊन बापाच्या तळव्यावर काडी ओढून बघायला सांगते. मुख्याध्यापकांनी दोनदा बजावलं, हे अभ्यासक्रमात नाही. नोकरी तुमची आहे, सांभाळा, उपकार समजा.

ऋण मी मानते. मेंदू माझ्या तळहातावर ठेवणाऱ्या सरांचं मानते. आबांचा पाय मांडीवर घेणाऱ्या त्या डॉक्टरचं मानते. टाकीच्या तळाशी वाकून माझी पुस्तकं कमावणाऱ्या बापाचं मानते. माझी यादी इथे संपते. गेटच्या आतल्या कुणाचंही नाव तिच्यात मी घालणार नाही.

बधिर पाय घेऊन कुणीही माझ्या दारात आलं, की मी आधी हात लावते, मग काम विचारते. मग त्याच्याबरोबर त्याच्या गेटवर जाते. आजवर प्रत्येक दार लागलंय. मी पुढच्या गेटवरही जाणार आहे आणि तेच सांगणार आहे.

हात लावा.