गेणबाची चप्पल

रंभाबाईला फेफरं यायचं, आणि आलं की तिची सासू तुळजाबाई आपल्या नवऱ्याची, गेणबाची, चप्पल सुनेच्या नाकाला दाबून धरायची. ती चप्पल शेणात, चिखलात, भाताच्या खाचरात, कुठंही फिरून आलेली. शुद्धीवर येताना रंभाला आधी तो घाणेरडा वास यायचा, मग माणसं दिसायची. फेफऱ्याच्या बाईनं चुलीपाशी बसायचं नाही, हा त्या घरचा कायदा. दिवसभर गोठा आणि शेण्या एवढंच तिच्या वाट्याला.

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फेफरं थांबलं. दिवाळी झाली, शिमगा झाला, रंभा एकदाही पडली नाही. चूल तिच्या हातात आली. तिला दुसरं काही नकोच होतं.

पण सासूची माया आडवी आली. "गोळी लई गरम असती. उन्हाळाभर अळणी खायाचं, नि पानी पीत ऱ्हायाचं," असं तुळजाबाईनं ठरवून टाकलं. बिनमिठाचा भात, बिनमिठाची आमटी, वर तांब्यामागून तांब्या. त्या पांचट घासाची रंभाला शिसारी यायची.

"आत्याबाई, मळमळतंय वो."

"गरमी भाईर पडतीया. पी आजून."

डोकं जड झालं, पाय लटपटू लागले. एकदा तर भान सुटून तिनं भातात राख कालवली. शेवटी चुलीपुढंच फेफरं आलं, आणि पुन्हा तीच चप्पल. "आता चुलीला हात लावायचा न्हाई," सासू म्हणाली. रंभाच्या नवऱ्यानं, किसननं, मात्र जन्मात पहिल्यांदा आईचं न ऐकता बायकोला पुण्याच्या एस्टीत घातलं.

रक्त तपासून डॉक्टर भडकले. "रक्तातलं मीठ पार उतरलंय. या गोळीनं काहींचं उतरतंच. त्यात अळणी आणि एवढं पाणी कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, मीठ हळूहळू वर आणलं, गोळी बदलली. पाणी तहानेपुरतं, मीठ सगळ्यांसारखं, असं बजावून घरी सोडलं.

घरी तुळजाबाईनं पुन्हा अळणी भात वाढला. "डागदरला काय कळतंय? गरम त्ये गरमच." चप्पल उंबऱ्याशी तयारच होती.

रंभानं घास थुंकला. उठली, चप्पल उचलली आणि चुलीत घातली. कातडं चरचरलं, घरभर दुर्गंधी सुटली. गेणबा खोकत अंगणात पळाला. तुळजाबाईनं नाकाला पदर लावला.

"पदर कशाला, आत्याबाई?" रंभा म्हणाली. "मला इतकी वर्सं ह्योच वास दिलात की."

मग तिनं त्याच जाळावर आमटी ठेवली आणि तीत मीठ टाकलं.