बैलाच्या कपाळावरचं पदक

गोंडपिपरीजवळच्या खेड्यात मी मास्तर होतो, तेव्हाचा पोळा. एका म्हाताऱ्यानं काश्मीरच्या लढाईत पडलेल्या आपल्या पोराचं पदक बैलाच्या कपाळावर बांधून आणलं होतं.

मी चिडलोच. "बाबा, पोराच्या शौर्याचं पदक बैलाला?"

त्यानं बैलाच्या मानेवरचे जुने वण अंगठ्यानं चोळले. "मास्तर, फौजेत जायच्या आधी पोरगा याले जंगलात चारून राह्यला होता. तवा वाघ आला. हा पोराच्या समोर शिंगं रोखून उभा राह्यला, हटला नाई. लढाईत पोरगाबी सोबत्यांच्या समोर तसाच उभा राह्यला. कोनाकडून शिकला असन?"

तोरणाखालून आधी जायचा मान दरवर्षी पाटलाच्या जोडीचा. त्या दिवशी शेजारी उभं राहून हे ऐकणाऱ्या पाटलानं स्वतःच कासरा ओढून आपली जोडी मागं घेतली.