विषयाच्या ओळीत नमस्कार

रत्नागिरीच्या स्टँडवर मुंबईची एसटी सुटायला आली तरी अण्णा कंडक्टरशी बोलतच होते. मला गाडी लागते, म्हणून पुढची जागा मागायची होती, एवढंच. पण अण्णा आधी त्याचं गाव विचारणार, मग यंदाचा मोहोर, मग त्याचा दुखरा गुडघा. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेव्हा कुठे म्हणाले, "बरं, एक होतं..." मी धुमसत मागच्या बाकावर बसले आणि पनवेलपर्यंत ओकत गेले. अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलीची ही पाठवणी! "कुणाकडे गेलं की आधी बसावं गो बायो, कामाचं उठताना काढावं," हे त्यांचं नेहमीचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात ताईचं पत्र आलं, तेही बारा दिवसांनी. काचबिंदूने अण्णांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यातला दाब उतरत नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब मुंबईतही मिळेनात. मी ते इथे मिळवले, पण टपालाचा काय भरवसा? मुंबईला जाणारं माणूस हवं होतं, आणि ते याच आठवड्यात.

विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर भारतीय विद्यार्थ्यांचा एक गट होता. त्यावर लिहिलेलं ठिकठिकाणच्या विद्यापीठांत वाचलं जाई. मी लिहायला बसले. भाषा इंग्रजी, चाल अण्णांची. आधी सगळ्यांची खुशाली, मग मी कुठली, मग इकडची थंडी, आणि अगदी शेवटी, कुणी सहज मुंबईला जाणार असेल आणि त्रास होणार नसेल तर कळवावं. विषयाच्या ओळीत लिहिलं, नमस्कार.

तीन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. मी तासातासाला जाऊन बघत होते. चौथ्या दिवशी नागपूरच्या एका मुलाने लिहिलं, "नमस्कार उघडून कोण वाचणार? काम काय ते वर लिही." डोक्यात तिडीकच गेली. हा कोण मला शिकवणारा? पण तिकडे डोळा जात होता. राग गिळून लिहिलं: या आठवड्यात मुंबईला कोण जातंय? वडिलांच्या डोळ्याचं औषध न्यायचं आहे. बस्स. कुणाच्या घरात चपलांसकट शिरल्यासारखं वाटलं मला.

तासाभरात त्याच मुलाचं उत्तर आलं, "मी शनिवारी निघतोय. आजच पाठव."

पुढचा महिनाभर मी टपालाच्या पेटीशी घुटमळत राहिले. मग पत्र आलं, ताईच्या नाही, अण्णांच्या अक्षरात. ओळी तिरक्या होत्या, पण त्यांनी स्वतः, बघून लिहिलेल्या. मी जिन्यातच रडले. आत खुशाली, आंबे, शेजारी, आणि अगदी शेवटी: "बरं, एक होतं. तो मुलगा मुंबईहून इथवर आला, थेंब हातात दिले आणि उभ्या उभ्या परत गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. तू त्याला नीट विचारलं होतंस ना गो?"

तिकडे राहिलेल्यांना याचं हसू येईल. माझ्यासारखे निघून आलेले हसणार नाहीत. इथे नव्याने येणाऱ्या मुलांना आता मीच दटावते, मुद्दा वर लिहा म्हणून. अण्णा जाऊनही बरीच वर्षं झाली.

पण ताईला फोन लावला की माझ्या तोंडून तेच निघतं, "सहज केला गो." आणि ती लगेच विचारते, "काय झालं?" ती असं विचारते तोवर रत्नागिरीला माझं घर आहे.