पडद्याखालची काळी पट्टी

बायकोचे दोन्ही कान निकामी होत आले तेव्हा मी प्रोजेक्टर घेतला. ऐकू येत नाही तर निदान मोठ्या अक्षरांत वाचता यावं, एवढाच हेतू. नेरच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. सिनेमाखाली येणारी इंग्रजी वाक्यं ती वाचते, आणि एखादं चुकलं तर मनातल्या मनात मार्क कापते. रविवारी दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही दोघं बसायचो. फोन, लग्नं, शेजारणींच्या गप्पा, सगळं तिनं एकेक करून सोडलं होतं. सिनेमा तेवढा उरला होता.

मग दिग्रसहून साडू आले. त्यांची कापसाची जिनिंग आहे, आणि प्रत्येक वस्तू मोठी असावी हे त्यांचं संपूर्ण तत्त्वज्ञान. रुंद सिनेमा लागला होता, वर-खाली काळ्या पट्ट्या. बायको चहा करायला गेली होती.

"भाऊसाहेब, भिंतभर पडदा घेतला अन् एवढा काळा काहून सोडला?"

"सिनेमा तसाच काढलाय. मोठा केला तर कडेची माणसं कापली जातात."

"कडेच्या माणसायले पाहाते कोण?" म्हणत त्यांनी रिमोट घेतला आणि झूम केलं. पडदा काठोकाठ भरला. नायकाचं नाक आमच्या कपाटाएवढं झालं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. साडू गेल्यावरही मी ते तसंच ठेवलं.

पुढच्या रविवारी बायको दहा मिनिटांत उठली. "तुम्ही पाहा. मले तूर निवडाची आहे." त्याच्या पुढच्या रविवारी ती आलीच नाही. एवढी तूर आमच्या घरात नव्हती. शेवटी मी वहीवर लिहून विचारलं, का येत नाहीस?

"आजकाल खाली लिहूनच येत नाही. नुसते तोंडं हालतात. ते तं मले लग्नातही दिसते."

मी झूम काढलं. वाक्यं होती तिथंच, खालच्या काळ्या पट्टीत. ती पट्टी आम्ही दोघा शहाण्यांनी पडद्याबाहेर ढकलली होती.

साडू पुन्हा आले. "पुन्हा काळं?"

"तुमच्या ताईंची जागा आहे ती," मी म्हणालो. त्यांनी उचललेला रिमोट परत खाली ठेवला.

पडद्यावर एक म्हातारा डॉक्टरसमोर बसला होता. खाली वाक्य उमटलं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच बायको खो खो हसली. साडूंनी गोंधळून हातानंच विचारलं, काय झालं?

"थांबा भाऊजी," ती म्हणाली, "आता बोलते तो."