पाजायच्या चोळीचं कापड

थोरला झाला तेव्हा आम्ही साताऱ्याकडून पिंपरीला येऊन वर्षही झालं नव्हतं. हे औषधांच्या नव्या कारखान्यात कामाला होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूबाईंनी गावाहून नकली रेशमाच्या दोन चोळ्या पाठवल्या होत्या. ते कापड दूध टिपत नसे, ओलं होऊन अंगाला चिकटायचं. महिन्याभरात छातीला चिरा पडल्या. बाळ तोंड लावायचं आणि मी ओठ चावून रडायचे.

शेवटी त्याला घेऊन चिंचवडला कापडाच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. "कशासाठी पाहिजे, ताई?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि आतून बायकोला बोलावलं.

तिनं मांजरपाट बाजूला सारून मलमलीचा तागा उलगडला. "गालाला लावून बघ. इथं टोचलं तर तिथंही टोचेल. आणि दोनदा धुतल्याशिवाय शिवू नकोस."

"तुम्हाला किती मुलं?" मी सहज विचारलं.

"चोळ्या चार वेळा शिवल्या," ती कापड फाडत म्हणाली. "पाजायला एकही राहिलं नाही."

मी बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

जखमा पंधरा दिवसांत भरल्या. तिला ते सांगायला जावं असं पुष्कळदा मनात आलं. पण मूल घेऊन तिच्यासमोर जायचा धीर होईना, आणि त्याला ज्याच्यापाशी ठेवावं असं कोणी नव्हतं.